येनघाटचा सातवा नियम

येनघाट ग्रामपंचायतीचे सचिव गुणवंतराव यांना दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता. एक आपल्या अक्षराचा आणि दुसरा आपल्या नियमांचा. अक्षर खरंच देखणं होतं. नियमांचं म्हणाल तर त्यातले आठ चांगले निघाले आणि एकाने त्यांची फजिती केली. ती फजिती कशी झाली, त्याचीच ही गोष्ट.

येनघाट हे वैनगंगेच्या काठचं शंभर उंबऱ्यांचं गाव. वर्षाचे तीनशे साठ दिवस तिथे कुत्रं भुंकलं तरी बातमी व्हायची. महाशिवरात्रीचे चार दिवस मात्र घाटावरच्या महादेवाच्या जत्रेला अख्खा चांदा जिल्हा लोटायचा. भद्रावतीकडून छकडे यायचे, गडचिरोलीकडून लोक पायी यायचे, आणि वर्धा नदी ओलांडून निजामाच्या मोगलाईतल्या राजुऱ्याकडचे लोक तीन-तीन मुक्काम करत यायचे. एवढी माणसं उतरणार कुठे? तर गावातल्या घरांत. ज्याची खोली तो खोली देई, ज्याची ओसरी तो ओसरी, आणि ज्याच्याकडे नुसता गोठा तो बैल बाहेर बांधून माणसं आत घेई.

याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती वरच्या पैशांना. भाडं ठरताना माणशी दोन आणे ठरायचे आणि निघताना हिशेब आठ आण्यांवर जायचा. चुलीच्या तीन दगडांचे वेगळे, विहिरीच्या दोराचे वेगळे, खुंट्याला बैल बांधला तर खुंट्याचे वेगळे. सरपंच भैयाजींनी तर कमालच केली होती. आपल्या चिंचेखाली गाड्या सोडणाऱ्यांकडून त्यांनी सावलीचे पैसे घेतले, आणि दुपारनंतर सावली सरकून शेजारच्या वावरात गेली तेव्हा तिच्या मागोमाग जाऊन तिथल्या गाडीवाल्यांकडूनही घेतले. शिवाय आल्या आल्या दोन रुपये आधीच धरून ठेवायचे, भिंत खराब झाली किंवा मडकं फुटलं तर असावेत म्हणून. आणि चौथ्या दिवशी भिंतीवरचा आजोबांच्या काळातला ओरखडा दाखवून ते गिळायचे, हा तर घरोघरचा रिवाज होता. कागदोपत्री अशा पैशाला अनामत म्हणतात. गावाने त्याला काही नाव दिलं नव्हतं, नुसतं गिळलं होतं.

गेल्या जत्रेनंतर तक्रारी थेट चांद्याला गेल्या. तेव्हा गुणवंतरावांनी मनावर घेतलं. तीन आठवडे बसून त्यांनी नऊ नियम लिहिले. ठरल्या भाड्यावर एक पैही जास्त घ्यायची नाही, हा पहिला. दगड, दोर, खुंटा आणि सावली भाड्यातच आली, हा दुसरा. ज्याला घर भाड्याने द्यायचं त्याने पंचायतीकडून शिक्क्याचा पास घ्यायचा आणि तो दारावर लावायचा. पासाशिवाय भाडं घेणं हा गुन्हा. आणि सातवा, ज्यावर त्यांचा विशेष जीव होता: 'घरवाल्याने यात्रेकरूकडून कसल्याही प्रकारची अनामत ठेवून घेऊ नये. ठेवून घेतल्यास पास रद्द.'

सावलीचं कलम ऐकून भैयाजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण चांद्याच्या भीतीने सही केली. असे नियम त्या काळी भल्याभल्या शहरांत नव्हते, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं, आणि कोणी विसरलाच तर ते आठवण करून देत.

नियम गावाला सांगायचे म्हणजे दवंडी. कोतवाल लटारूला लिहितावाचता येत नव्हतं, पण स्मरण पक्कं. नऊच्या नऊ नियम त्याने एका दुपारी पाठ केले. फक्त सातव्यात त्याची जीभ अडखळली. 'अनामत' हा शब्द लटारूच्या सात पिढ्यांत कोणी तोंडात घेतला नव्हता. त्याच्या कानाला जवळचा शब्द होता तो 'अमानत'. त्या मुलखात तो घराघरात होता: कोणी विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. तेव्हा डफावर टिपरू पडलं आणि लटारू ओरडला, "आयका हो आयका! कोनंबी घरवाल्यानं यात्रेकरूची अमानत ठिऊन घ्याची नाई हो! घेईन त्याचा पास जाईन हो!"

कचेरीत बसलेल्या गुणवंतरावांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. ऐकून हसले. गावंढळ जिभेला शब्द पेलत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. उठून दुरुस्त करावं असं काही त्यांना वाटलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी देवकाबाई कचेरीत आली.

देवकाबाई म्हणजे घाटाच्या अगदी टोकाला राहणारी ढिवराची विधवा. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, हात मासेमारीने राकट झालेले, आणि बोलणं सरळ. दोन खोल्या आणि लांबलचक ओसरी असलेलं तिचं घर नदीला सगळ्यांत जवळ, म्हणून जत्रेत तिथे कायम गर्दी. या वर्षी त्या गर्दीवर तिचं सगळं अडलेलं होतं. श्रावणाच्या पुरात तिचा डोंगा खडकावर आपटून उभा चिरला होता. डोंगा म्हणजे खोड पोखरून केलेली नाव. ढिवराला तो नसला म्हणजे बैलाविना शेतकरी. सहा महिने ती दुसऱ्यांच्या डोंग्यात बसून मासळीच्या चौथ्या हिश्शावर राबत होती, आणि ज्या दिवशी तेही नसे त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात जात होती. वरच्या घाटाच्या उमाजीला आपला जुना डोंगा विकायचा होता. शिवरात्रीची जत्रा उठेपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं त्याने सांगून ठेवलं होतं. जत्रेचं चार दिवसांचं भाडं आलं की डोंगा देवकाबाईचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

तिने आपला पास टेबलावर ठेवला.

"शिक्रेटरीभाऊ, तुमचा सातवा नियम मले जमत नाई."

"का जमत नाही?"

"लोकं देतेत, तं मी नाई कशी मनू?"

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. असा उघड कबुलीजबाब त्यांना नवीन होता. "देतात म्हणून घ्यायची?"

"मंग? माह्या सासूनंबी ठेवली, तिच्या सासूनंबी ठेवली. आमच्या घरी उतरनारा मानूस अमानत देल्ल्याबिगर पान्यात पाय टाकत नाई."

"सगळ्यांकडून घेता?"

"सगळ्यायची. एकाची ठेवाची अन् एकाले नाई मनाचं, हे बरं दिसते का?"

एखादा चोर, आपण चोरीत भेदभाव करत नाही म्हणून शाबासकी मागत आहे, असं गुणवंतरावांना वाटलं. ते म्हणाले, "देवकाबाई, शब्द अनामत असा आहे. आणि ती ठेवाल तर पास रद्द होईल. पास नाही तर भाड्याचा एक पैसा घेता येणार नाही. समजलं?"

"समजलं मनून तं पास आनून देल्ला."

"उमाजीच्या डोंग्याचं काय?"

देवकाबाई म्हणाली, "डोंगा नाई तं नाई. लोकायले काय सांगू, का माहं घर बदललं?" आणि दाराशी जाऊन परत वळली. "भाऊ, फुकट तं निजू देता येते ना? का त्यालेबी नियम हाय?"

"फुकट कोणी कोणालाही निजू द्यावं. त्याला नियम नाही."

"मंग बरं झालं," असं म्हणून ती गेली.

गुणवंतरावांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'देवकाबाई, घाट. अनामत घेण्याचा आग्रह. पास रद्द.' शेजारी उभा असलेला लटारू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "साहेब, बाईचा डोंगा गेला."

"नियम म्हणजे नियम," गुणवंतराव म्हणाले. पण मनात एक गोष्ट त्यांना टोचत होती. भाडं सोडून अनामत धरणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. विचार करता करता त्यांना उलगडा झाला, आणि तो अर्थातच चुकीचा होता. फुकट उतरा म्हणायचं, माणसं गोळा करायची, आणि अनामत गिळायची! चौपट फायदा. बाई दिसते भोळी, पण भैयाजींच्या वरताण आहे.

जत्रा भरली. आणि खरं सांगायचं तर गुणवंतरावांचे नियम बावनकशी निघाले. दारोदार पास लटकले. दोराचे पैसे मागणाऱ्या एकाला यात्रेकरूंनीच नियम म्हणून दाखवला. चिंचेखाली गाड्या फुकट उभ्या राहिल्या, आणि भैयाजी त्या सावलीकडे पोरीला सासरी धाडणाऱ्या बापासारखे बघत बसले. तीन दिवसांत एक तक्रार नाही! गुणवंतराव घाटावरून फिरायचे तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

फक्त घाटाच्या टोकाचं ते एक घर त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. दारावर पास नव्हता, आणि ओसरीत, अंगणात, मागच्या परड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात येताजाता कानांवर पडायचं, "देवकाबाईच्या इथी ठिऊन ये अमानत, मंग आपन पान्यावर जाऊ." एका बाईच्या गळ्यातली चांदीची सरी जाताना होती आणि नदीकडून परत येताना नव्हती, हे त्यांनी स्वतः पाहिलं. सरी! अनामत म्हणून सरी! भैयाजीसुद्धा दोन रुपयांवर थांबले होते.

चौथ्या दिवशी सकाळी, गाड्या जुंपायच्या वेळी, गुणवंतराव पंचनाम्याचा कागद आणि लटारूला घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

ओसरी शेणाने सारवलेली होती. देवकाबाई आतल्या खोलीत मातीच्या कोठीला पाठ टेकून बसली होती. धान्याची ती कोठी कमरेइतकी उंच होती. "या भाऊ," ती म्हणाली. "बसा. च्या नाई माह्या घरी, पेज हाय."

"मी बसायला आलो नाही. लोकांकडून घेतलेलं कुठे ठेवलं आहे?"

"ह्या कोठीत."

"उघडा."

तिने काही कुरकुर न करता कोठीच्या तोंडावरचं झाकण काढलं. गुणवंतरावांनी वाकून पाहिलं. आत तांदळाचा दाणा नव्हता. पळसाच्या पानांत बांधलेल्या पुड्याच पुड्या होत्या, एकावर एक नीट रचलेल्या, आणि प्रत्येक पुडी जाळ्याच्या सुतळीने आवळलेली. त्यांनी एक उचलली. हाताला जड लागली. आत चांदी होती, त्यात शंकाच नव्हती.

"किती आहेत?"

"आता तीस अन् आठ. सकाळपासून बारा गेल्या."

"अडतीस!" गुणवंतरावांचा आवाज चढला. "चार रात्रींच्या झोपेसाठी लोकांच्या अंगावरचे दागिने उतरवून घेता? लटारू, लिही— नाही, तू काय लिहिणार. मीच लिहितो. या सगळ्या जप्त."

इथे देवकाबाई पहिल्यांदा पुढे झाली. ती आडवी आली नाही, ओरडलीही नाही. तिने गुणवंतरावांच्या हातातली पुडी आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि परत कोठीत ठेवली. "भाऊ, मले जप्त करा. इले हात नोका लावू. हे सोमारीची हाय, ते आता येईन. तिले मी काय दाखवू? तुमचा कागद?"

तेवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. राजुऱ्याकडचा एक म्हातारा शेतकरी, मुखरू, आणि मागे त्याची बायको उभी होती. गाडी जुंपून आले होते. मुखरूने कमरेच्या पंच्यातून सुतळीचा वीतभर तुकडा काढला आणि न बोलता देवकाबाईच्या हातात ठेवला. त्या तुकड्याला मधोमध एक गाठ होती. देवकाबाईने ती डोळ्यांनी पाहिलीही नाही, बोटांनी चाचपली. मग कोठीत हात घालून खालच्या थरातली एक पुडी काढली. तिच्या सुतळीला तीच गाठ होती, हुबेहूब. दुसऱ्या कुठल्याही पुडीला तशी नव्हती.

म्हाताऱ्याने पुडी सोडली. बायकोच्या पायांतले चांदीचे तोडे निघाले आणि पैशांची एक कापडी पिशवी निघाली. बायकोने खाली बसून तोडे पायांत चढवले. म्हाताऱ्याने पैसे न मोजताच पिशवी कमरेला बांधली.

"बाबा," गुणवंतराव पुढे झाले, "घाबरू नका. मी पंचायतीचा सचिव आहे. यातून या बाईंनी किती कापले?"

"काय कापले?"

"पैसे. अनामतीतून किती कापून घेतले?"

मुखरूने त्यांना खालून वर पाहिलं. "अमानतीतून कापते का कोनी? कुठचे हो तुमी, साहेब?"

"मग ठेवण्याचे किती दिले?"

"ठेवाचे पैसे?" म्हातारा आता खरोखर चिडला. "आमी पंधरा साल झाले इथी येऊन राह्यलो. गर्दीत चोर फिरतेत. बाया पान्यात उतरतेत तं पायातलं, गळ्यातलं ह्या बाईपाशी ठिऊन जातेत. एका साली म्या शिवरात्रीले ठेवलं अन् घरून निरोप आला मनून तसाच धावत गेलो. पुढच्या साली आलो तं पुडी तशीच! पानं सुकले होते मनून हिनं नवे पानं बांधले, पन गाठ तेच. अन् तुमी मनता, किती कापले!"

गुणवंतरावांच्या डोक्यात लटारूचा डफ वाजू लागला. अमानत ठिऊन घ्याची नाई हो. अ-मा-न-त. त्यांनी कोठीकडे पाहिलं, सुतळ्यांच्या त्या उरलेल्या सदतीस गाठींकडे पाहिलं, आणि मग त्या बाईकडे पाहिलं, जिने चार दिवसांपूर्वी आपला पास टेबलावर ठेवला होता. तिने तो का ठेवला हे त्यांना आता कळलं. लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू ठेवू नका, असा नियम सरकारने केला आहे, असं तिला वाटलं होतं. तो नियम मोडून भाडंही घ्यायचं, हे तिच्याने झालं नाही. आणि तो पाळून लोकांना विन्मुख पाठवायचं, हेही झालं नाही. म्हणून तिने डोंगा सोडला. भांडली नाही, अर्ज केला नाही, रडली नाही. चार दिवस माणसं फुकट झोपवली आणि त्यांच्या पुड्या राखत कोठीला पाठ टेकून बसली.

आपण आयुष्यात इतकं मोठं माणूस जवळून पाहिलेलं नाही, असं गुणवंतरावांना वाटलं, आणि त्या मोठ्या माणसाचं नाव आपण रजिस्टरमध्ये काय लिहून ठेवलं आहे ते आठवून त्यांना भयंकर लाज वाटली.

"देवकाबाई," ते म्हणाले, "चूक झाली." आणि त्यांनी दोन्ही शब्द तिला समजावून सांगितले. धरून ठेवलेले पैसे म्हणजे अनामत. त्यांना बंदी केली होती. तुमच्या अमानतीला कोण बंदी करील?

देवकाबाई ऐकत राहिली. मग ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाप्पा! एक अक्षर इकडचं तिकडं झालं, एवढंच? अन् मी चार दिवस इचार करून राह्यली, का सरकारनं असा कसा नियम काढला? लोकायनं लोकायवर इस्वास ठेवाचा नाई तं कोनावर ठेवाचा?"

लटारू दाराआड तोंड लपवून उभा होता. त्याला वाटलं, सगळं आपल्या जिभेवर येणार. पण गुणवंतराव म्हणाले, "लटारूची चूक नाही. मी ऐकलं होतं. ऐकून हसलो होतो."

मग त्यांना घाई झाली. "पास आत्ता परत देतो. अजून गाड्या निघाल्या नाहीत. सगळ्यांकडून चार दिवसांचं भाडं घ्या, मी उभा राहतो. तुमचा हक्क आहे."

"नाई जी." देवकाबाईचं हसू गेलं नव्हतं, पण आवाज पक्का होता. "फुकट निजा मनून सांगतलं म्या त्यायले. जेवाले बोलावल्या पाव्हन्याले हात धुताना पैसे मांगते का कोनी?"

मुखरूने पिशवी सोडून पैसे पुढे केले. तिने त्याचा हात तसाच बंद करून परत त्याच्या छातीशी नेला.

गुणवंतराव बाहेर आले. त्यांनी लटारूच्या गळ्यातला डफ काढून स्वतःच्या गळ्यात घातला. येनघाटात असा प्रकार त्याआधी कधी घडला नव्हता. धोतराचा सोगा खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, असा पंचायतीचा सचिव निघत्या गाड्यांमधून डफ बडवत हिंडला. त्यांना ताल येत नव्हता. आवाज मात्र होता. "ऐका हो ऐका! सातव्या नियमाचा अर्थ चुकला हो! चूक सचिवाची हो! देवकाबाईचा पास रद्द केला तो चुकीने हो! तिने कोणाचा एक पैसा धरला नाही हो!" भैयाजींनी चिंचेखालून हे ऐकलं. गेल्या महिन्याभरात ते पहिल्यांदाच खुदकन हसले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, उठून उभे राहिले आणि डफ पुढे जाईपर्यंत उभेच राहिले.

पण दवंडीने डोंगा परत येत नाही. संध्याकाळी कळलं की उमाजीने दुपारीच तो पलीकडच्या काठावरच्या माणसाला दिला. त्याची वाट पाहण्याची मुदत संपली होती, आणि त्यालाही पोट होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव पगारातले पैसे रुमालात बांधून देवकाबाईकडे गेले. कोठी रिकामी झाली होती. अडतीसच्या अडतीस पुड्या आपापल्या घरच्या वाटेला लागल्या होत्या. ती ओसरीत बसून दुसऱ्याच्या जाळ्याची डागडुजी करत होती.

"हे काय जी?"

"चार दिवसांचं भाडं."

"तुमी निजले होते का माह्या घरी?"

"नाही. पण माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं."

"मंग भाडं कायचं? ठेवा ते खिशात." ती परत जाळ्याकडे वळली.

मॅट्रिक झाल्यापासून गुणवंतरावांनी घरातली बोली सोडून दिली होती, कचेरीत तर नावालाही वापरत नसत. ती आता आपसूक तोंडात आली. "मंग मी काय करू, बाई? तुमीच सांगा. मले रात्री झोप नाई आली."

देवकाबाईने हातातलं काम थांबवलं. त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस खरंच कासावीस झाला आहे, हे तिला दिसलं असावं. ती म्हणाली, "तुमाले लिवता चांगलं येते, मनतेत. मले एक अर्ज लिवून द्या. टेकडीमागं सरकारी जंगलात काटसावरीचं मोठं झाड हाय. माहा भाऊ मनसाराम खोड कोरून डोंगा करून देईन, त्याचे पैसे नाई. पन झाडाले जंगलखात्याची परवानगी लागते, अन् अर्जावर पंचायतीची शिफारस. तालुक्याले अर्ज लिवनारा मुनशी हाय, तो लिवाचेच इतके मांगते का झाड सस्तं पडल."

गुणवंतराव तिथेच ओसरीत मांडी घालून बसले. लटारूला पाठवून कागद, दौत आणि शिक्का मागवला. असा अर्ज त्यांनी लिहिला की बस. घराण्याचा धंदा, पुरात चिरलेला डोंगा, गावच्या हक्काचं लाकूड, झाडाची जागा, सगळं त्यात आलं. लिहून झाल्यावर ते वाचायला निघाले, पण देवकाबाईने आधीच सांगितलं, "हळू वाचा. अक्षर न् अक्षर वाचा. आता मले तुमच्या शब्दायचा भेव वाटते."

ते हळू वाचू लागले. "अर्जदार देवकाबाई, राहणार येनघाट, ही निराधार, गरीब विधवा—"

"थांबा. निराधार कोन?"

"तसं लिहायची पद्धत आहे, बाई. त्याने साहेबांना दया येते."

"दया नोको. झाड पायजे. नियमात बसते का माहं झाड?"

"बसतं. पुरं बसतं."

"मंग निराधार काऊन मनता? चार दिवस माह्या घरी शंभर मानसं निजले, भाऊ. निराधार ते होते का मी?"

गुणवंतरावांनी शब्द खोडला. मग 'गरीब'ही खोडला, तिने न सांगता. "त्या जागी काय लिहू?"

"काईच नोको. देवकाबाई, येनघाट. पुरे."

तेवढंच राहिलं. खाली पंचायतीच्या शिफारशीसाठी चार ओळींची जागा होती. एरवी गुणवंतरावांना चार ओळी कमी पडत. आज ते लेखणी दौतीत बुडवून बसले आणि त्यांना काही सुचेना. तिच्याविषयी जे लिहावं ते सगळं दयेसारखं नाहीतर कौतुकासारखं दिसत होतं, आणि साहेबाच्या टेबलावर दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. शेवटी त्यांनी एकच वाक्य लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद वाळवायला उन्हात धरला.

"काय लिवलं?" देवकाबाईने विचारलं.

त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. "मी यांना ओळखतो."